सेडान गाडीचे ब्रेक आणि थांबण्याचे अंतर

मोटारगाडीच्या जाहिरातीत आणि विक्रेत्याच्या बोलण्यात इंजिनाची ताकद, मायलेज आणि डिकीची जागा यांचे आकडे हटकून येतात. तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून किती मीटरांत थांबते हा आकडा मात्र माहितीपत्रकात सहसा सापडत नाही आणि ग्राहकही तो विचारत नाही. गाडी घेतल्यानंतर घाटात किंवा महामार्गावर एखाद-दोनदा धास्ती वाटली, की बहुतेकांचा संशय कंपनीतून बसवून आलेल्या ब्रेकवर जातो, आणि मग मोठ्या डिस्क, परदेशी पॅड, रंगीत कॅलिपर अशा बदलांचा विचार सुरू होतो. चार-पाच माणसांच्या कुटुंबाला वाहून नेणाऱ्या साध्या सेडान गाडीच्या बाबतीत हा संशय बव्हंशी चुकीच्या जागी असतो. मूळचे ब्रेक एका जोरदार थांबण्यासाठी पुरून उरतील इतके ताकदवान असतात. थांबण्याचे अंतर वाढते ते मुख्यतः वेगामुळे, टायरमुळे, ब्रेकमध्ये साठलेल्या उष्णतेमुळे आणि चालकाच्या पायामुळे. हे कसे घडते ते समजून घ्यायचे, तर प्रथम ‘थांबण्याचे अंतर’ म्हणजे नेमके काय ते पाहावे लागते.

हे अंतर दोन भागांचे बनलेले असते. समोर अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकच्या पेडलवर दाबला जाईपर्यंत गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते, तो पहिला भाग; आणि ब्रेक लागू झाल्यापासून गाडी पूर्ण उभी राहीपर्यंतचा प्रवास, तो दुसरा. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. सावध चालकालाही अनपेक्षित अडथळा ओळखून पाय हलवायला साधारण दीड सेकंद लागतो असे धरले, तर ब्रेकला स्पर्श होण्यापूर्वीच गाडी जवळजवळ ४२ मीटर गेलेली असते. पुढे कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडीचा वेग दर सेकंदाला ८ मीटर प्रतिसेकंद इतका घटत गेला, तर उभे राहण्यासाठी आणखी ४८ मीटर लागतात. म्हणजे एकूण अंतर ९० मीटर होते आणि त्यातील जवळपास निम्म्या अंतरात ब्रेकचा काहीच संबंध नसतो. वाहनविषयक नियतकालिके जो आकडा देतात तो केवळ दुसऱ्या भागाचा असतो, कारण तिथे चालकाला केव्हा ब्रेक दाबायचा हे आधीच ठाऊक असते. शिवाय हे आकडे एकमेकांशी ताडून पाहतानाही जपावे लागते. अमेरिकेत ही मोजणी बहुधा ताशी ६० मैलांवरून, म्हणजे ९६.६ किलोमीटरवरून केली जाते, युरोपात १०० किलोमीटरवरून, तर भारतात काही मासिके ती ८० किलोमीटरवरून करतात. साठ मैल आणि १०० किलोमीटर हे वेग कानाला सारखेच वाटले, तरी त्यांच्या थांबण्याच्या अंतरात सुमारे सात टक्क्यांचा फरक पडतो.

वेगातल्या छोट्या फरकाने अंतर इतके का बदलते, याचे उत्तर गतिज ऊर्जेत आहे. हलणाऱ्या वस्तूमध्ये तिच्या गतीमुळे जी ऊर्जा असते ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेकना ती सगळी उष्णतेत रूपांतरित करून संपवावी लागते. माणसे आणि सामान धरून १,५०० किलो वजनाची सेडान ताशी १०० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर तिच्यात सुमारे ५ लाख ८० हजार ज्यूल ऊर्जा असते. खोलीच्या तापमानाचे पावणेदोन-दोन लिटर पाणी उकळीला आणायला एवढी उष्णता पुरते, आणि ती निर्माण होते अवघ्या साडेतीन सेकंदांत. ताशी ६० किलोमीटरवरून ब्रेक लागल्यावर याच हिशेबाने साधारण साडेसतरा मीटर लागतात, ८० वरून ३१, १०० वरून ४८ आणि १२० वरून ६९. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची, तर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात १०० किलोमीटरची मुभा आहे. या दोन वेगांमधला वीस किलोमीटरचा फरक प्रवासाच्या वेळेत फार जाणवत नाही, परंतु दीड सेकंदाचा विलंब धरला तर एक गाडी ९० मीटरांत उभी राहते आणि दुसरीला ११९ मीटर लागतात. याहून बोलका हिशेब वेगळाच आहे. दोन सारख्या गाड्या शेजारी-शेजारी धावत आहेत, एकीचा वेग १०० आणि दुसरीचा १२०, आणि दोघींच्या चालकांना अडथळा एकाच क्षणी दिसला अशी कल्पना केली, तर पहिली गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असेल, त्या जागेवरून दुसरी अजून ताशी जवळजवळ ७८ किलोमीटर वेगाने पुढे जात असेल. दिवे नसलेल्या महामार्गावर रात्री हेडलाइट खाली असताना रस्ता पुढे साधारण पन्नास-साठ मीटरच उजळतो, हे लक्षात घेतले की ९० आणि ११९ या आकड्यांचे गांभीर्य कळते. दिसणाऱ्या रस्त्याच्या आत थांबता येणार नाही अशा वेगाने गाडी हाकणे फार सर्रास चालते, आणि त्यावर ब्रेकच्या कोणत्याही सुधारणेचा इलाज नाही.

आता मूळच्या ब्रेकची ताकद पाहू. पेडलवर पडलेला जोर चाकापर्यंत पोहोचताना तीन टप्प्यांत वाढतो. पहिली वाढ पेडलच्या दांड्याची: तो तरफेसारखा काम करतो आणि पायाचा जोर साधारण चौपट करतो. दुसरी वाढ बूस्टरची: इंजिनाच्या शोषणामुळे तयार होणारी निर्वात पोकळी एका मोठ्या गोल डब्यातील पडद्याला एका बाजूने ओढते आणि त्यामुळे जोर आणखी तीन-चार पट होतो. त्यानंतर मास्टर सिलिंडर, म्हणजे ज्यात एक दट्ट्या ब्रेक ऑइलवर दाब देतो ती नळी. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पसरतो हा पास्कलचा नियम इथे कामाला येतो. मास्टर सिलिंडरचा दट्ट्या लहान आणि चाकाजवळच्या कॅलिपरचा दट्ट्या त्याच्या पाच-सहा पट क्षेत्रफळाचा असल्याने जोर तिसऱ्यांदा वाढतो. उदाहरणादाखल, पायाने २० किलो वजनाइतका जोर दिला तर दांड्यामुळे तो ८० किलो आणि बूस्टरमुळे सुमारे २८० किलो होतो. २२ मिलिमीटर व्यासाच्या मास्टर सिलिंडरमध्ये त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोंहून अधिक भरतो, आणि पुढच्या चाकाच्या ५४ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर तोच दाब पडला की एकेक पॅड सुमारे १,७०० किलोंच्या जोराने फिरत्या डिस्कला चिमटते. एवढ्या जोरानेच १,५०० किलोची गाडी वर सांगितलेल्या ४८ मीटरांत उभी राहू शकते. धडधाकट माणसाचा पाय घाबरलेल्या क्षणी याच्या दुप्पट जोर सहज देऊ शकतो. म्हणजे चाक जागच्या जागी अडकवण्याची ताकद मूळच्या ब्रेकमध्ये असतेच आणि ती वापरून संपत नाही.

सिटी, डिझायर, स्लाव्हिया यांसारख्या भारतात सर्रास दिसणाऱ्या सेडान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतात, आणि मागच्या ड्रमविषयी ग्राहकांची नेहमीची तक्रार असते की कंपनीने पैसे वाचवले. पैसे वाचतात हे खरे. पण थांबण्याच्या अंतरावर त्याचा परिणाम समजतात तितका नसतो. ब्रेक लागताच जडत्वामुळे गाडीचा भार पुढे झुकतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरहून किंचित वर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.६ मीटर असलेल्या गाडीत जोरदार ब्रेकच्या वेळी एकूण वजनाचा सहावा हिस्सा मागून पुढे सरकतो. उभ्या गाडीत पुढे ६० आणि मागे ४० टक्के असलेली वाटणी त्या क्षणी साधारण ७७ आणि २३ होते. मागची चाके इतकी हलकी झालेली असताना त्यांच्यावर ब्रेकचा जास्त जोर टाकला, तर ती आधी अडकतात आणि गाडी फिरते. म्हणून मागच्या ब्रेकला मुळात काम कमी दिलेले असते आणि ते ड्रमला झेपते. डिस्कचा खरा फायदा उष्णता लवकर सोडण्यात आहे. १९५३ च्या ल माँच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जग्वार जिंकली आणि १९५५ च्या सिट्रोएन डीएस या युरोपीय सेडानला पुढे डिस्क आली, ती याच गुणामुळे. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांनी मात्र दीर्घकाळ चारही चाकांच्या ड्रमवर संसार केला, आणि घाटाच्या पायथ्याशी ड्रम निववत उभ्या राहिलेल्या अशा गाड्या जुन्या पिढीच्या आठवणीत असतील.

ब्रेकमध्ये चाक अडकवण्याची ताकद आहे एवढ्याने गाडी थांबत नाही, कारण ब्रेक चाकाला थांबवतो आणि गाडीला थांबवतो तो टायर. सेडानचा एकेक टायर रस्त्याला जेमतेम दीडशे ते दोनशे चौरस सेंटिमीटर जागेवर टेकलेला असतो, आणि सगळा जोर तेवढ्याच रबरातून रस्त्याला द्यावा लागतो. कोरड्या डांबरावर चांगला टायर आपल्यावरील भाराच्या ऐंशी ते शंभर टक्क्यांपर्यंत पकड देतो. ओल्या रस्त्यावर ती पन्नास-साठ टक्क्यांवर येते, तर झिजून गोटा झालेल्या टायरखाली पाणी साचले की ती जवळपास नाहीशी होते. पकड पन्नास टक्क्यांवर आली की १०० च्या वेगावरचे केवळ ब्रेकचे अंतर ४८ वरून जवळजवळ ८० मीटरांवर जाते. टायरच्या खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीचे छोटे आडवे उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला की तो कायद्याने बाद ठरतो, परंतु पाणी बाजूला सारण्याची त्याची क्षमता त्याच्या कितीतरी आधीच खालावलेली असते. वर्षाला चार महिने पावसात भिजणाऱ्या कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर कायद्याची ही किमान मर्यादा गाठेपर्यंत टायर चालवणे म्हणजे ब्रेकची निम्मी ताकद आपण होऊन सोडून देणे. वयाचेही तसेच आहे. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा कोरलेला असतो, त्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष दाखवतात. कमी फिरणाऱ्या गाडीत खाचा शाबूत दिसत असल्या तरी सात-आठ वर्षांचे रबर कडक झालेले असते आणि ओल्या रस्त्यावर ते निसटते.

चाक पूर्ण अडकले की टायर रस्त्यावर घासत जातो, पकड कमी होते आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही. सर्वांत चांगली पकड मिळते ती चाकाचा वेग गाडीच्या वेगापेक्षा दहा ते वीस टक्क्यांनी कमी असतो तेव्हा. या अरुंद पट्ट्यात चाकाला राखण्याचे काम एबीएस करते. प्रत्येक चाकाजवळचा संवेदक चाक किती वेगाने फिरते ते सतत कळवतो. एखादे चाक अडकू लागले की त्या चाकाकडे जाणारा ऑइलचा दाब झडपेने क्षणभर सोडला जातो, पुन्हा दिला जातो, आणि हे सेकंदाला दहा-पंधरा वेळा घडते. बॉशने घडवलेली ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीझ-बेंझच्या एस-क्लास गाडीत प्रथम आली, आणि भारतात एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सर्व नव्या मोटारींना ती सक्तीची झाली. सैल खडी किंवा वाळूवर एबीएसमुळे अंतर काहीसे वाढते, कारण तिथे अडकलेले चाक पुढे मातीचा ढीग रचून गाडीला अडवते आणि एबीएस तेच होऊ देत नाही. मात्र अशा जागीही स्टिअरिंग हाताशी राहते आणि ते फार मोलाचे असते.

एबीएस म्हणजे झडपा आणि पंप इतकेच नसून त्यामागचे गणितही तितकेच महत्त्वाचे असते, हे अमेरिकेतील एका घटनेने ठसठशीतपणे दाखवले. २०१८ च्या मे महिन्यात ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहकसंस्थेने कनेक्टिकट राज्यातील आपल्या धावपट्टीवर टेस्लाच्या मॉडेल ३ या सेडानची चाचणी केली, तेव्हा ताशी ६० मैलांवरून तिला थांबायला १५२ फूट, म्हणजे सुमारे ४६ मीटर लागले. त्या वर्गातील इतर गाड्यांच्या तुलनेत हे अंतर पुष्कळच जास्त होते. गोंधळ असा होता की पहिल्याच खेपेला ती १३० फुटांच्या आसपास थांबली होती, आणि नंतर ब्रेक रात्रभर निवू दिले तरी तो आकडा पुन्हा मिळेना. संस्थेने गाडीची शिफारस रोखून धरली. काही दिवसांतच कंपनीने एबीएसच्या आज्ञावलीत बदल करून तो इंटरनेटवरून गाड्यांना पाठवला, आणि त्याच गाडीची फेरचाचणी घेतली तेव्हा अंतर १३३ फुटांवर, म्हणजे सुमारे ४०.५ मीटरांवर आले. डिस्क, पॅड, टायर यांतले काहीही बदलले नव्हते. सहा मीटरांचा हा फरक किरकोळ वाटू नये: बदलापूर्वीची गाडी ४०.५ मीटरांच्या खुणेशी पोहोचली असती तेव्हा तिचा वेग अजून ताशी ३४ किलोमीटर उरलेला असता, आणि रस्ता ओलांडणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ३४ आणि शून्य यांत प्राणाचे अंतर आहे. त्याच लोखंडातून केवळ हुकूम देण्याची रीत सुधारून एवढे मिळवता येते, यावरून मूळच्या ब्रेकमध्ये ताकदीची उणीव सहसा नसते या म्हणण्याला बळकटी येते.

अशा कामगिरीची किमान पातळी कायद्याने ठरवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालील मोटार-नियमांत प्रवासी गाड्यांच्या ब्रेकसाठी १३-एच क्रमांकाचा नियम आहे, आणि भारतातील मानकाची चौकटही त्याच धर्तीची आहे. त्यानुसार गाडीने ताशी १०० किलोमीटर वेगावरून ७० मीटरांच्या आत थांबले पाहिजे, आणि पेडलवरचा जोर ५०० न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे ५० किलो वजनाच्या भारापेक्षा जास्त असता कामा नये. आजच्या बहुतेक सेडान गाड्या ४० ते ४५ मीटरांत थांबत असल्याने ही अट त्यांना सहज पार करता येते. त्याच नियमातील दुसरी चाचणी अधिक कसाची आहे: ताशी १२० किलोमीटर किंवा गाडीच्या कमाल वेगाच्या ऐंशी टक्के, यांतील जो कमी असेल त्या वेगावरून, वेग निम्म्यावर आणायचा आणि हे दर ४५ सेकंदांनी लागोपाठ १५ वेळा करायचे, त्यानंतर तापलेल्या ब्रेकनेही नियमातील अपेक्षेच्या किमान ७५ टक्के आणि थंड असताना प्रत्यक्ष मिळालेल्या कामगिरीच्या किमान ६० टक्के काम केले पाहिजे. ब्रेक ऑइलची व्यवस्था दोन स्वतंत्र शाखांत विभागलेली असते, बहुधा पुढचे डावे चाक मागच्या उजव्याशी आणि पुढचे उजवे मागच्या डाव्याशी जोडून, आणि एक शाखा निकामी झाल्यावरही गाडी १६८ मीटरांच्या आत थांबली पाहिजे असे बंधन आहे. पुण्यातील एआरएआय या संस्थेत, जिची स्थापना १९६६ मध्ये झाली, गाड्यांची अशा मानकांनुसार तपासणी होते. ही पंधरा फेऱ्यांची चाचणी ज्या प्रश्नासाठी आखलेली आहे, तो प्रश्न महाराष्ट्रातील चालकाला रोजच भेटतो.

तो प्रश्न घाटाचा. १०० च्या वेगावरून एकदा जोरात थांबले की ऊर्जेचा जवळजवळ तीन-चतुर्थांश वाटा पुढच्या दोन डिस्कमध्ये जातो, आणि साडेपाच किलोच्या ओतीव लोखंडी डिस्कचे तापमान त्यामुळे सुमारे ८० अंशांनी चढते. एकदाच थांबायचे असेल तर हे काहीच नाही. परंतु महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरणारी गाडी बाराशे मीटरहून अधिक खाली येते, आणि उंचीमुळे तिच्यात साठलेली स्थितिज ऊर्जा १,५०० किलो वजनाला पावणेदोन कोटी ज्यूल भरते. ताशी १०० वरून तीस वेळा पूर्ण थांबण्याएवढी. हवेचा आणि टायरचा विरोध तिच्यातील काही भाग खातो, उरलेल्याची वाटणी इंजिन आणि ब्रेक यांच्यात कशी करायची हे चालकाच्या हाती असते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी उतरवली तर इंजिनच तिला मागे ओढते आणि ब्रेक केवळ वळणांपुरता लागतो. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये टाकून पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवला तर ती सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. साधे पॅड तीनशे-चारशे अंश सेल्सियसपर्यंत चांगले काम करतात. त्यापुढे त्यांतील बांधणीचे राळद्रव्य वायू सोडू लागते, घर्षण उतरते, जळकट वास येतो आणि पेडल कडक लागूनही गाडी हवी तशी अडत नाही. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिनच बंद करण्याची सवय काही चालकांना असते, ती तर याहून घातक आहे, कारण इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये एक-दोन वेळा दाबण्यापुरतीच निर्वात पोकळी शिल्लक राहते. पुढच्या वेळी चालकाला बूस्टरविना, नुसत्या पायाच्या जोरावर तीच गाडी थांबवावी लागते.

उष्णतेचा दुसरा घाव ब्रेक ऑइलवर बसतो, आणि देखभालीत सर्वांत जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते; रबरी नळ्यांतून आणि टाकीच्या झाकणातून पाणी हळूहळू आत जातच राहते. भारतात सर्रास वापरले जाणारे डॉट ४ दर्जाचे ऑइल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु त्यात ३.७ टक्के पाणी मिसळले की उकळण्याची किमान हमी १५५ अंशांवर येते. डॉट ३ ची तर २०५ वरून १४० वर. लांब उतारावर कॅलिपर तापला आणि ऑइलला उकळी फुटली की नळीत वाफेचे बुडबुडे तयार होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते; त्यामुळे पेडल एकाएकी मऊ पडते आणि तळाला टेकते, तरी चाकाकडे दाब पोहोचत नाही. अशा अपघाताची बातमी ‘ब्रेक फेल’ या दोन शब्दांत संपते, पण पुष्कळदा ब्रेकचा एकही भाग तुटलेला नसतो. गाडी थंड झाल्यावर तेच पेडल पुन्हा घट्ट लागते आणि गॅरेजमधल्या मेकॅनिकला दोष सापडत नाही. किनारपट्टीच्या दमट हवेत दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलणे, वरून भर घालून वेळ न मारता, हा घाटावरून ये-जा करणाऱ्या कुटुंबासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी उपाय आहे.

राहिला चालकाचा पाय. संकटाच्या क्षणी माणसे ब्रेक झटकन दाबतात खरी, पण पुरेशा जोराने दाबत नाहीत, किंवा सुरुवातीला दाबून मग नकळत सैल सोडतात. अंतर मीटर-मीटरने वाढते ते इथे. मर्सिडीझ-बेंझने १९९६ मध्ये आणलेली ब्रेक-असिस्ट ही यंत्रणा याच निरीक्षणावर उभी आहे: पेडल किती वेगाने खाली गेले यावरून ती प्रसंग ओळखते आणि उरलेला दाब स्वतः देते. एबीएस चालू झाले की पेडल पायाखाली थरथरते आणि करकर असा आवाज येतो, तो बिघाड समजून पाय उचलणारे चालकही पुष्कळ आहेत. आयुष्यात पहिल्यांदा ही थरथर खऱ्या संकटातच अनुभवायला मिळावी, अशी आपल्याकडच्या वाहनशिक्षणाची स्थिती आहे, आणि ती बदलायला हवी. रिकाम्या, सुरक्षित मैदानावर ताशी ४० च्या वेगावरून पेडल पूर्ण दाबून गाडी थांबवण्याचा सराव प्रत्येक शिकाऊ चालकाला दिला, तर त्याचा लाभ कोणत्याही महागड्या कॅलिपरपेक्षा मोठा होईल. भार वाढल्यावर काय होते याविषयीही समज स्पष्ट असावी. पाच माणसे आणि भरलेली डिकी यांमुळे टायरवरील भार वाढतो तशी पकडही वाढते, म्हणून एका थांबण्याचे अंतर फारसे बदलत नाही. मात्र त्यासाठी पेडल अधिक जोराने दाबावे लागते आणि निर्माण होणारी उष्णता तर भाराच्या प्रमाणात वाढतेच. एकट्याने रोज कचेरीत जाणाऱ्या माणसाच्या पायाला जो दाब सवयीचा झालेला असतो, तो सुट्टीत कुटुंबासह निघाल्यावर अपुरा पडतो.

मोठ्या डिस्क आणि जाड कॅलिपर यांचा उपयोग कोणाला, हेही यावरून कळते. ज्या गाडीचे एबीएस जोरात ब्रेक दाबताच चालू होते, तिचा टायर आपल्या मर्यादेला पोहोचलेला असतो आणि आणखी ताकदीच्या ब्रेकने तिचे एका थांबण्याचे अंतर घटत नाही. मोठी डिस्क उष्णता जास्त साठवते आणि लवकर सोडते, त्यामुळे शर्यतीच्या धावपट्टीवर फेऱ्यांमागून फेऱ्या मारणाऱ्याला ती लागते. कुटुंबाच्या सेडानवर खर्च करायचाच तर आधी ओल्या रस्त्यावर चांगली पकड देणारे टायर घ्यावेत, मग ऑइल बदलावे आणि त्यानंतर कंपनीच्या दर्जाचे पॅड बसवावेत. बाजारात मिळणारे निनावी स्वस्त पॅड थंड असताना बरे चावतात आणि तापल्यावर हात टेकतात, म्हणून ते गावातल्या फेरीत चांगले वाटतात आणि उतारावर उघडे पडतात. पॅड नवे असले तरी त्यांचा पृष्ठभाग डिस्कवर नीट बसायला काही काळ जावा लागतो. सुरुवातीच्या दोनेकशे किलोमीटरमध्ये मध्यम जोराने, मधे निवायला वेळ देऊन ब्रेक लावत गेले की पॅडच्या द्रव्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर चढतो आणि पूर्ण पकड तेव्हाच मिळू लागते. गणपतीला गावी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पॅड बदलून पहाटे घाट उतरायला लागणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घेऊन ते काम पंधरवडाभर आधी उरकावे.